चेहरा चालतो, तोंड नाही

२ जुलै, नांदेड
जर्मन बाईचा माल आला. तीन सिनेमे आणि एक पोलिसी मालिका, सगळ्यांत तीच. पुण्याच्या कंपनीने तिचं अख्खं आयुष्य घाऊक घेतलंय. मराठी आवाज आमच्या स्टुडिओने चढवायचा. मालक बिराजदार सर (मागच्या वर्षापर्यंत लग्नाचे व्हिडिओ) म्हणाले, "मॅडम, तुमचं जर्मन शेवटी कामाला आलं बघा. तुम्ही न्हाई गेलात, तर जर्मनीच आली."
यापुढे बाई म्हणजे ज.बा.

४ जुलै
पहिला सिनेमा. ज.बा. बावीसची असेल, श्रीमंताची मुलगी. चौथ्या मिनिटाला तळ्यात पोहते. कथेला तळ्याची गरज नाही, निर्मात्याला होती. दुसऱ्यात नर्स. तिसऱ्यातही नर्स, फक्त विधवा. मग बरीच वर्षं काही नाही, आणि एकदम मालिकेत पन्नाशीची इन्स्पेक्टर. मधली बाई कुठे गेली, कुणी विचारलेलं दिसत नाही.
सिनेमांत ओठ जुळत नाहीत. प, ब, म ला ओठ मिटतात ते आवाजाच्या तीन फ्रेम आधी. फाइल सरकली असेल वाटलं. तपासली, नाही. श्वासही दुसऱ्या कुणाचा. तळ्यातून बाहेर येऊन ती धापा टाकते, आवाज मात्र खुर्चीत बसलेल्या बाईचा.

७ जुलै
मालासोबत तिची एक मुलाखतही आहे, म्हातारपणची. उलगडा झाला. तिन्ही सिनेमांत आवाज तिचा नाहीच. ती सॅक्सनीची, म्हणजे पूर्व जर्मनीतली. तिकडची बोली ऐकली की बाकीचे जर्मन हसतात. दिग्दर्शक तिला म्हणाला होता, चेहरा चालतो, तोंड नाही.
हे सांगताना ती हसते. हसण्यासारखं काय आहे? दुसरीच्या आवाजावर हार-तुरे घेतले. कीव वगैरे येत नाही.
मालिकेत आवाज तिचाच, पण घासूनपुसून. बातम्या वाचल्यासारखा.

१२ जुलै, शनिवार
मीनाताई आल्या. ज.बा.चा मराठी आवाज त्यांचा. अहमदपूरला झेडपीच्या शाळेत शिकवतात. सकाळची शाळा करून एसटीने येतात. आवाज खालचा, कोरडा, घाई नसलेला. इथे एवढी एकच चांगली गोष्ट आहे.
आजचा प्रसंग: इन्स्पेक्टरच्या भावाचं प्रेत नदीतून काढतात. शिपाई तिला मागे ओढतात. संहितेत वाक्य, "मी बघतेय ना, थांबा." मीनाताई म्हणाल्या, "मी बघायले ना, थांबा."
सर काचेपलीकडून, "ताई, हे काय भोकरचं ठाणं हाय का? परत घ्या."
परत घेतलं. अकरा टेक. अकरावा निर्दोष, आणि मेलेला.

१३ जुलै
मूळ आवाजाचा ट्रॅक वेगळा काढून ऐकला. 'मी'ला ज.बा. अख्ख्या मालिकेत 'इख' म्हणते. या एका वाक्यात 'इश'. सॅक्सनीचं. इतकी वर्षं पुसलेलं तोंड भावाच्या प्रेतापाशी सुटलं, आणि या वेळी कुणी कापलं नाही.
म्हणजे मीनाताईंची चूक हेच खरं भाषांतर. संहिता लिहिणाऱ्याला हे जमलं नसतं. मलाही.
सरांना दोन्ही ऐकवलं. "ते जर्मन लोकायला कळंल, मॅडम. पुण्याला काय कळते?" बरोबर बोलले. त्याचाच संताप.

१५ जुलै
पहिला टेक सरांनी चुकून कंपनीला पाठवला होता. तिथल्या बाईंचा फोन. "आवाज छान आहे हो, पण फारच गावाकडचा वाटतोय. ते वाक्य दुरुस्त करून द्या, नाहीतर उरलेल्या भागांना आम्ही आमच्याकडची मुलगी बघू."
आमच्याकडची.
लातूरहून पुण्याला शिकायला गेले तेव्हा सहा महिन्यांत माझं 'करायले' गेलं. ज.बा.ला निदान दिग्दर्शकाने सांगितलं होतं. मला कुणी सांगितलंही नव्हतं.

१९ जुलै, शनिवार
अंतिम फाइल आज पाचला द्यायची. त्याआधी मीनाताईंना मूळ वाक्य ऐकवलं, इख-इश समजावलं. लगेच कळलं त्यांना.
"म्हंजे हिची बी जीभ घसरली."
"घसरली नाही. मुद्दाम ठेवलंय."
"अन् हिला ठेवलं का पुढं?"
"हो. मालिका संपेपर्यंत."
"मग तिचं बरं हाय." डबा पिशवीत घातला. "हे बघ पोरी, मला उरलेले भाग पाहिजेत. दिवसभर पोरायला बोलून बोलून दमते, पन कुनी ऐकते का? इथं आवाज लावला की सगळे गप बसतात. पंचवीस वर्षं पोरायचं शुद्ध करायले, एक वाक्य माझं बी करते. तू अकरावा टाक."
मी म्हणाले, तो मेलेला आहे.
"असंल. तुला कुनी काढायलंय का? मग तू कामून लढायलीस?"
बाहेर सरांना म्हणाल्या, पोरगी लई हट्टी हाय तुमची.
कंपनीला मेल लिहून ठेवलाय. मूळ तुकडा, वेळ, चार ओळी. त्या बाई वाचतील असं वाटत नाही. पहिला टेक जोडला आणि त्यांनी वाचलं नाही, तर मीनाताईंचे भाग गेले, माझ्या कानाच्या हौसेपायी. अकरावा जोडला, तर ज.बा.च्या दिग्दर्शकाला नावं ठेवायची सोय उरत नाही.
चार पन्नास. मीनाताईंची एसटी सुटली असणार. त्या गेलेल्या नाहीत. दारात उभ्या आहेत, माझ्या पडद्याकडे बघत.
"टाकलं का?"
दोन्ही फाइली उघड्या आहेत. त्यांना तिथून कोणती कोणती ते कळत नाही.