पावसानं नेलेली रोपं

मेहरूण, जळगाव
७ सप्टेंबर २०२५

ती. अक्का,
धाकट्या बन्सीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पाहून हसशील. पण फोनवर तू कितीही ओरडलीस तरी मला नुसती घरघर ऐकू येते, आणि शेजाऱ्यांना मात्र आपलं सगळं बोलणं कळतं. त्यापेक्षा पत्र बरं.

काल गणपती गेले, पाऊस काही जात नाही. उन्हाळ्यात नळाच्या पाण्यासाठी रांगा लावणारं आपलं जळगाव, आणि आता परसात पाय टाकला की चप्पल चिखलात राहते. बाग मात्र तरारली आहे. भरताच्या वांग्यांना फूल आलंय, दसऱ्यासाठी झेंडूही लावला आहे.

गणपतीत हितेंद्र नाशिकहून आला होता. द्वारकेनं त्याला तीनदा विचारलं, आपण कोणाकडचे पाहुणे. पोटच्या पोराला असं विचारलं की त्याला काय वाटत असेल ते तूच समज. संध्याकाळी तो म्हणाला, नाशिकला विसरभोळ्या माणसांसाठी एक चांगली जागा आहे, दसऱ्याला येईन तेव्हा आईला तिकडे नेऊ. बाबा, तुम्हाला दार वाजलेलं ऐकू येत नाही, एखाद्या दिवशी ती निघून जाईल. मला राग आला. मी त्याला हाताला धरून परसात नेलं. द्वारका झेंडूच्या वाफ्यात निंदत बसली होती. झेंडूचं रोप आणि गाजरगवत लहानपणी जुळ्या भावांसारखं दिसतं, माझा स्वतःचा घोटाळा होतो. पण ती एकेक गवत नेमकं उपटत होती, झेंडूला धक्का नाही. धरणगावच्या कपाशीत लहानपणापासून निंदणी केलेले हात आहेत ते. मी हितेंद्रला म्हणालो, ज्या दिवशी तुझी आई चांगलं रोप उपटेल, त्या दिवशी मी स्वतः तिला तुझ्या गाडीत आणून बसवीन. तो कबूल झाला.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा बन्सी

धुळे
११ सप्टेंबर २०२५

चि. बन्सीलाल यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच आहे, मुंग्या शाईत बुडवून सोडल्यासारखं. तू स्वतः एकदा गाजरगवत कोथिंबीर म्हणून खुडून आणलं होतंस आणि द्वारका आठवडाभर हसत होती, ते मी विसरलेली नाही.

पण बन्सी, असला शब्द द्यायचा नसतो रे. बायकोला घरात ठेवायचं की नाही, हे काय वाफ्यावर ठरवायचं? तू लहानपणापासून हट्टी. रागाच्या भरात काहीतरी बोलायचं आणि मग ते निभावत बसायचं. हितेंद्र वाईट मुलगा नाही, त्याला भीती वाटते. मलाही वाटते. दाराला वरून कडी लावून घे.

भरताची वांगी किती धरली ते कळव. दसऱ्याला मी येते, तेव्हा द्वारकेजवळ बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत खायचं आहे. तिनं मला ओळखलं नाही तरी चालेल.

दोघांनी एकमेकांना सांभाळा.
तुझी अक्का

मेहरूण, जळगाव
१६ सप्टेंबर २०२५

ती. अक्का,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

वांग्यांचं विचारलंस आणि वाईट वाटलं. पावसानं घात केला. परवा सकाळी उठून पाहतो तर सगळी वांगी मुळासकट गेलेली. असा पाऊस माझ्या आयुष्यात पाहिला नाही. पडवीतल्या कुंड्यांमधल्या मिरच्याही त्यानंच नेल्या. मेथी तर उगवली आणि गेली. झेंडूचा अर्धा वाफा रिकामा झाला होता, म्हणून नर्सरीतून तयार रोपं आणून लावली. गुडघे दुखतात, पण दसऱ्याला हितेंद्र येईल तेव्हा वाफा भरलेला दिसायला हवा.

द्वारका छान आहे. रोज सकाळी परसात बसते, दुपारी हात धुवायला सांगावं लागतं एवढंच. तिच्या हाताची अजून चूक नाही. हितेंद्रलाही मी तसंच कळवलं आहे. कडी लावून घेतली.

तुझी माया असू दे.
बन्सी

धुळे
१९ सप्टेंबर २०२५

चि. बन्सी यास अनेक आशीर्वाद.

पाऊस इकडेही तेवढाच आहे. माझ्या अंगणातल्या मिरच्या मात्र उभ्या आहेत. तुझ्या पडवीवर तर पत्रा आहे ना रे? गेल्या वर्षी तूच मला कौतुकानं दाखवला होतास. असो. मी काही विचारत नाही, तूही सांगू नकोस. एवढ्या वयात गुडघ्यावर बसून रोज नवीन रोपं लावतोस, त्यातच मला सगळं कळलं. वाचून मी खूप रडले.

शेजारचे झुलाल भाऊ जळगावला येत आहेत, त्यांच्याबरोबर हे पत्र आणि शेतातली काळी माती, पेरायला गहू पाठवते आहे. यंदा घट द्वारकेच्या हातानं बसव. माती पसरायची, गहू पेरायचा, पाणी शिंपडायचं, हे तिच्या हाताला येईल. बाहेरचं राहू दे. देवघरात पावसाचं भय नाही. तिनं पेरलेलं पिवळं धमक उगवलेलं मी आले की हितेंद्रला दाखवीन, आणि पुढचं मी त्याच्याशी बोलीन.

धीर सोडू नकोस.
तुझी अक्का

मेहरूण, जळगाव
२९ सप्टेंबर २०२५

ती. अक्का,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

घट तिनंच बसवला. माती इतकी हलक्या हातानं पसरली की मी बघत राहिलो. गहू चांगला वीतभर उगवला होता. रोज सकाळी मी आधी देवघरात जाऊन पाहायचो आणि मग चहा टाकायचो. मला वाटायला लागलं होतं की निभलं.

काल माळ बांधायला गेलो तर परडीत नुसती काळी माती. एक अंकुर शिल्लक नाही. उपटलेल्या गव्हाच्या जुड्या करून तिनं समईच्या कडेला नीट रचून ठेवल्या होत्या, शेताच्या बांधावर तण रचतात तशा. दिवा तेवत होता आणि ती माती हातानं सारखी करत होती.

वांगी, मिरच्या, मेथी, सगळ्याचं मी पावसावर ढकललं. तुला ते कळलं होतं, तरी तू मला बोलली नाहीस. पण देवघरात पाऊस पडत नाही, अक्का. आता मी कोणाचं नाव सांगू?

मला पाहून ती पदर सावरत उठली. मला मालक म्हणाली, शेतमालकाला म्हणतात तसं. बठ्ठं व्हयी गयं, आते मी घर जास, म्हणाली, म्हणजे सगळं निंदून झालं, आता घरी जाते. धरणगावला आई वाट पाहत असेल, उशीर झाला की रागावते, असं सांगू लागली. चव्वेचाळीस वर्षांचा संसार झाला आमचा, आणि ती माझ्याकडे घरी जायची परवानगी मागत होती. बाहेर धो धो चालू होतं. मी म्हणालो, बाई, पाऊस थांबला की जा. तिनं ते ऐकलं. रात्रभर शांत झोपली.

हितेंद्र परवा येतो आहे. त्याला मी काल रात्रीच कळवलं, की शब्द दिला होता तो पाळीन. झुलाल भाऊ आज धुळ्याला परततात, त्यांच्याच हाती हे पत्र देतो आहे. तू दसऱ्याला येशीलच, पण जमलं तर उद्याच ये. तिच्या लुगड्यांच्या घड्या घालायला कोणीतरी बाईमाणूस हवं, माझ्याच्यानं ते होणार नाही.

लोभ तिच्यावरही असू दे, तिला कळो न कळो.

आज पहाटे पाऊस थांबला. लख्ख ऊन पडलं आहे. ती पिशवी घेऊन दाराशी बसली आहे आणि मला कडी काढायला सांगते आहे.

तुझा बन्सी