वाळूच्या सहा पिशव्या

शनि. २० डिसें., दार्सैत, ओमान

उद्या निघायचं. मुलांची नाताळची सुट्टी. या सुट्टीत तंबू घेऊन गाडीने हिंडायचं, हे वैशूचं खूळ, दरवर्षीचं. यंदा वैशू नाही. चार महिने आणि सहा दिवस झाले. महेश म्हणाले, तरी जाऊ. मी म्हटलं, जाऊ.

सकाळभर बांधाबांध. माळ्यावर तिची कॅम्पिंगची पेटी, तिच्यात सहा पिशव्या निघाल्या. माझ्याच अबोली साडीच्या. दुपदरी कापड, दुहेरी शिवण, तोंडाला नाडी, शिवण संपते तिथे तीन टाके मागे. ते मागे यायचं मीच शिकवलेलं. बाजाराच्या पिशव्या एवढ्या भक्कम कोण शिवतं? आमची लेक. तिला साधं काही जमायचंच नाही. बरं झालं म्हटलं, बटाटे, कांदे, तांदूळ, डाळ, नारळ एकेकीत भरले. सहावीत मुलांच्या चपला.

शिवण बघत किती वेळ बसले कोण जाणे. रडू नाही आलं. हल्ली येतच नाही. आत कुणी गोधडी कोंबून ठेवलीय.

संध्याकाळी महेश स्वयंपाकघराच्या दारात. आत येईनात, जाईनात.
"आई, मुलांना तुम्हीच सांगाल का? रस्त्यात कुठेतरी. मला नाही जमायचं."
हो म्हटलं. जावयाला नाही कसं म्हणायचं.

सांगायचं ते इतकंच: ३ तारखेच्या विमानाने दोघं माझ्याबरोबर गावी. शाळा तिकडेच. बाबा इकडे. महेशची नोकरी इब्रीला साईटवर, पंधरा दिवस तिकडे, चार दिवस घरी. माझा व्हिसा संपत आला. मुलांकडे बघणार कोण? शाळेतून दाखलेसुद्धा काढून आणले. सगळं ठरलंय. ज्यांचं ठरलंय त्यांनाच तेवढं ठाऊक नाही.

रवि. २१, फिन्सचा समुद्र

स. ९ ला निघालो. वादी अदाईच्या पंपावर कडक चहा, पराठे. मला पुढे बसवलं. मितू (आता नऊची) म्हणाली, "आजी, पुढे बसतं त्याने खाऊ पास करायचा. रूल आहे." दिवसभर मागे हात करून चकल्या पास केल्या. चिकू पाच वर्षांचा, त्याच्या हातात गेलेली चकली थेट सीटच्या फटीत.

डोंगर बोडके, खरवडलेल्या कढईसारखे. बिमाहला जमिनीत मोठा खड्डा, तळाशी हिरवं पाणी. पायऱ्या उतरले. माणसं पाण्यात उड्या मारत होती. सुंदर आहे असं सगळे म्हणाले. असेल.

मुक्कामाला किनारा, सगळा पांढऱ्या गोट्यांचा. खुंट्या शिरेनात. महेशनी दोऱ्या धोंड्यांना बांधल्या. मितू मध्ये मध्ये सांगत होती, "बाबा, तसं नाही. मम्मा आधी मागची बाजू करायची." म. म्हणाले, "मला फक्त काठ्या माहितीयत गं. बाकीचं तुम्ही दोघी करायचात."

खिचडी केली. मीठ दोनदा पडलं. कुणी तक्रार केली नाही, त्याचंच वाईट वाटलं.

सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी कशाला.

सोम. २२, अशखरा

आज माझी फजिती. लिहून ठेवते.

सूरला मासळी घेतली, मग दक्षिणेला. इथे किनारा नुसत्या मऊ वाळूचा, आणि वारा हा असा, तोंड उघडलं की दातांत कचकच. तंबू उभा केला तोवर फुगून म्हशीएवढा झाला. खुंट्या लोण्यातून निघाव्या तशा निघाल्या.

मितू ओरडली, "बॅग्ज! बॅग्ज कुठे आहेत?"
मी म्हटलं, "कसल्या?"
"सँडच्या! मम्माच्या! ऑरेंज!"

तेव्हा कळलं. वाळूत खुंटी टिकत नाही. पिशवीत वाळू भरायची, दोरी बांधायची, पिशवी पुरायची. त्यासाठी दुपदरी, त्यासाठी दुहेरी शिवण. आणि मी त्यांत बाजार भरून ठेवला. जन्मभर पिशव्या शिवल्या, आणि लेकीने कशाला शिवल्या ते विचारायचं सुचलं नाही.

एवढ्यात तंबू निघालाच. महेश एका कोपऱ्याला लोंबकळतायत, चिकू दुसऱ्याला. तिकडून एक म्हातारा ओमानी कोळी पिकअप थांबवून धावत आला. काही विचारलं नाही, तंबूवर सरळ जाऊन बसला. "यल्ला, यल्ला!" म्हणजे चला, चला. पिशव्या रिकाम्या करायला वेळ कुणाला? बटाट्याची, कांद्याची, तांदळाची, डाळीची, नारळांची, तशाच्या तशा बांधल्या नि पुरल्या. सहावीला चपलांचं वजन कुठलं असायला, तिच्यात तेवढी वाळू भरली. तंबू बसला. म्हातारा नारळ पुरताना इतका हसला की त्याची टोपी उडाली.

मग चहा दिला त्याला. त्याने चिकूच्या गालाला हात लावून विचारलं, वेन मामा? आई कुठाय, एवढं चिकूला कळतं.
चिकू म्हणाला, "मामा खलास."
बाबांच्या फोनवरच ऐकलेला शब्द. सिमेंट खलास, डिझेल खलास.
म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवला आणि तसाच बसला. महेश गाडीचं टायर बघायला गेले. टायरला काही झालेलं नव्हतं.

मी कप विसळले. हाताला पाणी गार की गरम ते कळलं नाही.

मंगळ. २३, तिथेच

नाश्ता खणून काढावा लागला. मितू फावडं घेऊन विचारते, "आजी, आज कांदेपोहे की तंबू?" महेश हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा ऐकलं. मलाही हसू आलं असावं, गाल दुखले.

दुपारी मितूकडून शिकले. पिशवी पाऊण भरायची, नाडीला दोन गाठी, आडवी पुरायची, उभी नाही. उभी केली तर ओढून निघते. "मम्मा म्हणायची, झोपलेलं माणूस उचलायला जड." खरंच आहे ते. मला वैशूने हे कधी सांगितलं नाही. फोनवर आमचं काय, जेवलीस का, पाऊस किती.

वैशूच्या पहिलीच्या पाटीवर मी अक्षरं गिरवली. माझी शाळा दुसरीत सुटलेली. ती शाळेतून आली की मला शिकवायची, चुकलं की पट्टी उगारायची. ही वहीसुद्धा तिनेच आणून दिली. आता तिच्या पोरीकडून शिकतेय.

सांगितलं नाही. शब्द जुळवले होते. "गावी आंब्याचं झाड आहे" इथून सुरुवात करायची होती. चिकू मध्येच शी आली म्हणाला.

बुध. २४, बिदियाची वाळू

वाळवंटात शिरायच्या आधी टायरांची हवा कमी करायची असते. हवा मोजायचं यंत्र समोरच्या कप्प्यात. महेश मितूला म्हणाले, काढ गं. ती काढायला गेली, बराच वेळ आलीच नाही. मग आली, यंत्र दिलं. तोंड कोरं.

कप्प्यात दाखल्यांची फाईल होती. मला आठवलं, महेशना नाही. फाईल उलटी ठेवलेली दिसली. वाचलं तिने.

त्यानंतर पोर बसलीच नाही. सहाही पिशव्या तिने भरल्या. चिकूला भरवलं. भांडी वाळूने घासली. बाबाला उभं करून शिकवलं: "आता तू कर. मी बघते. नाही, दोन गाठी. परत कर." महेशनी तीनदा केलं. "शाब्बास," मितू म्हणाली. अगदी वैशूचा आवाज. म. मान खाली घालून गाठ मारत राहिले.

नऊ वर्षांची पोर दाखवतेय की घर चालतं. हे मला कळतंय, आणि मी पातेल्यात चमचा फिरवतेय.

खरं लिहिते, वही माझीच आहे. गावी मी वरची खोली झाडून आलेय. दोन गाद्या भरून घेतल्या. मुलं आली तर वैशू थोडी तरी आली, असं मनात धरलंय. रोज सांगायचं राहतं ते काही दयेने नाही. सांगितलं आणि ती नको म्हणाली तर?

(हे गुरुवारी सकाळी लिहितेय.) निघताना पिशव्या रिकाम्या केल्या. चिकूने एक सोडली नाही. पोटाशी धरून बसला. "ही माझी." राहू दे म्हटलं.

गुरु. २५, इब्री

निझवा मागे टाकून दुपारी इब्री. महेशची खोली बघायला. खोली कसली, पत्र्याची केबिन. दोन पलंग, एक सहकाऱ्याचा, किटली, भिंतीला चिकूने काढलेली गाडी, टेपने लावलेली. टेप उन्हाने पिवळी पडलीय. मुलांनी ही जागा कधी पाहिलेली नव्हती. वैशूनेही नसावी.

मितूने खोली पावलांनी मोजली. बाहेर गेली. मी भाकरीचं पीठ बघत होते. आवाज आला म्हणून डोकावले तर केबिनच्या शेजारच्या मोकळ्या जागेत ती एकटी तंबू लावतेय. आधी मागची बाजू. काठ्या तिच्याहून लांब. साईटवरची माणसं गोळा झाली, मल्याळी, बिहारी, सगळे. एकजण मदतीला सरसावला.
"नो अंकल. इट्स माय वर्क."
माती कडक. पण तिने पिशव्यांत माती भरली, पुरता येईना म्हणून वर दगड ठेवले. तंबू उभा राहिला. थोडा डावीकडे कललेला.

मग बाबासमोर येऊन म्हणाली, मराठीत, अडखळत, पण सगळं मराठीत. "मी दाखला पाहिला. मला कुणी सांगितला नाही. इथे पण शाळा आहे. चहावाल्या अंकलला मी विचारलं, त्यांची मुलगी जाते. आम्ही तंबूत राहू. चिकूचं मी करते."

महेश खाली बसले. मातीतच. म्हणाले, "तंबूत नाही राहता येत, बेटा."
"मग घर बघ."
चिकू विचारत होता, काय झालं, काय झालं.
मग मीच सांगितलं. आंब्याचं झाड वगैरे काही नाही. तिकीट काढलंय, ३ तारखेचं, आणि तुम्हाला न विचारता काढलं. चुकलं.
मितू माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी, तू पण इथे राहशील?"
व्हिसा, म्हटलं. माझं घर, म्हटलं. माझी मशीन तिकडे झाकून ठेवलीय, असंही म्हटलं. काय वेड्यासारखं बोलले.

संध्याकाळच्या आत महेश मोठ्या साहेबांना भेटून आले. ओमानी आहेत, म. त्यांना अर्बाब म्हणतात. दोन गोष्टी मागितल्या: रोज घरी येता येईल अशी ड्युटी आणि इथेच राहायला फॅमिली क्वार्टर. तंबू त्यांनी खिडकीतून पाहिला होता म्हणे.
"काय म्हणाले?"
"इन्शाल्ला म्हणाले."
"म्हणजे हो?"
"आई, इतकी वर्षं झाली इथे, मला अजून कळत नाही."

शुक्र. २६, दार्सैत

परत. गाडी धुतली. सीटच्या फटीतून नऊ चकल्या निघाल्या. खाली कृष्णमंदिराकडे जाऊन आले. हात जोडले, मागायचं काय ते ठरलं नव्हतं. तशीच परत आले.

रवि. २८

साहेबांकडून काही नाही. महेशची सुट्टी चार दिवसांनी वाढवून मिळाली, एवढंच. माझ्या व्हिसाचं विचारायला तेच गेले होते. वाढेल थोडा, पुढचं पुढे, असं कळलं. मी राहीन असं मी म्हटलेलं नाही. नाही असंही नाही.

गावाहून शेजारच्या शालूचा फोन. "खोली उघडून ठेवू का गं, वारा खेळू दे?" म्हटलं, थांब जरा.

पाच पिशव्या धुतल्या. माझी साडी इतकी विटली होती होय. मला ती नवीच आठवते.

मंगळ. ३०

अजून काही नाही. मोठी बॅग माळ्यावरून काढली. काढायला तर हवी. उघडून मधल्या खोलीत ठेवलीय, रिकामी. मितू तिला वळसा घालून जाते, बघत नाही. बाबाकडून डाळीला फोडणी घालून घेतली तिने आज. मोहरी करपली. "परत कर," म्हणाली.

सहाव्या पिशवीची शिवण एका जागी सुटलीय, वाळू सांडते, घरभर कचकच. म्हटलं, चिकू, रिकामी कर, शिवून देते. ऐकेना. मग भरलेलीलाच शिवायला घेतली. जमत नाही धड, सुई आत वाळूला लागते. तरी घातले टाके. वैशूच्या टाक्यांना लागून, शेवटी तीन मागे. शिवता शिवता डोळ्यांतून पाणी आलं. दोन थेंब. कापडाने पिऊन टाकले.

चिकूने पिशवी नेऊन बॅगेत ठेवली. बघितलं. काढली. तंबूच्या पेटीत ठेवली. आता परत काढून बॅगेपाशी उभा आहे. मी काही सांगत नाहीये. महेश फोन हातात घेऊन गॅलरीत.