साक्षगंधाचा केक आणि पाचवे कलम

मी, पंचफुला भ्रतार देवाजी रामटेके, वय अदमासे पन्नास, धर्म बौद्ध, धंदा घरी केक-बिस्किटे करून देणे, राहणार कँप-१, भिलाई, जिल्हा दुर्ग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, पोट तेवढे नाही. पोटातली गाठ कापण्यासारखी राहिली नाही, पावसाळा निघणे कठीण, असे डॉक्टरांनी तोंडावर सांगितले. मी खोदून विचारले म्हणून सांगितले. कोणी दडपण आणलेले नाही; आणील असे घरात कोणी उरलेलेही नाही. मी आणि माझी मुलगी ललिता, दोघीच आहोत, आणि तीही माझ्याशी कामापुरतेच बोलते.

कलम १. राहते दोन खोल्यांचे कौलारू घर ललिताचे. माझे यजमान देवाजी यांनी पोलाद कारखान्यातली कोक ओव्हनची ड्यूटी करून आल्यावर त्याच्या भिंती स्वतः उभारल्या. ते बासष्ट साली तापाने गेले. दीर गुलाबराव यांनी घरावर हक्क सांगू नये. भिंती चढत होत्या तेव्हा ते खाटेवर बसून "वाकडी होऊन राहिली" एवढेच बोलत होते. भिंत वाकडी नाही. मी ओळंबा लावून पाहिली आहे.

कलम २. पोस्टातले पुस्तक, चांदीचे गोठ आणि माझ्या तीन चांगल्या साड्या, सगळे ललिताचे.

कलम ३. जाड बुडाचे पातेले, केक भाजताना त्यात घालायची चाळलेली रेती, पत्र्याचे साचे आणि लांब काटा. हे सामान ललिताला नकोच असेल. तसे असल्यास शेजारच्या शेवंताबाई गजभिये यांना द्यावे.

हे काम मी एका रशियन इंजिनिअरच्या घरी शिकले. सत्तावन सालापासून चार वर्षे तिथे कामाला होते. त्यांच्या मॅडमला मराठी येत नव्हते, मला रशियन. ती अंडी फेसून दाखवायची आणि काटा माझ्या हातात द्यायची. गावाकडे आमच्या हातचे पाणी कोणी घेत नव्हते. इथे माझ्या हातचा केक साहेब लोकांच्या मुलांच्या वाढदिवसाला जाऊ लागला. म्हणून त्यात तीळभर खोट राहू नये, हा माझा हट्ट झाला. कडा तुटलेले बिस्किट मी पोटच्या पोरीलाही खाऊ दिले नाही. हट्ट चांगला होता. तो कुठे थांबवायचा, ते मला कळले नाही.

कलम ४. शेवंताबाईंना मी बिस्किटांच्या चुऱ्याचे गोळे शिकवले होते. मॅडम त्यांना बटाटे म्हणत. त्यांना भट्टी लागत नाही, आणि कोकोमध्ये घोळवून ताटात मांडले की दुकानातले वाटतात. मात्र मी कृती अपुरी सांगितली. चुरा, लोणी आणि आटवलेले दूध मळल्यावर गोळा ओल्या फडक्याखाली तासभर ठेवावा, मगच वळावा. शेवंताबाईंचे गोळे पाच वर्षे तडकत आहेत आणि मी "हात बसला की जमेल" म्हणत आले. मला लाज वाटते.

कलम ५. हे कलम मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात, सगळ्या वस्तीसमोर, विहाराचे पंच नत्थू बोरकर यांनी मोठ्याने वाचावे.

डिसेंबर १९६० मध्ये ललिताचे साक्षगंध होते. मुलगा माणिक, गोंदियाला रेल्वेत. ललिताला तो पसंत होता. पाहुणे सकाळच्या गाडीने उपाशीपोटी आले. वरण, भात, पुऱ्या, वांग्याची भाजी दहालाच तयार होती. पण आधी तीन मजली केक मधोमध ठेवायचा आणि मगच पंगत बसवायची, असे मी ठरवले होते. खालचा थर छान फुगत होता. पहिला अर्धा तास झाकण उचलू नये, हे मी दुसऱ्यांना शिकवते. त्या दिवशी मीच उचलले, नीट होतो आहे ना ते पाहायला. थर मधोमध बसला.

ललिता नवी साडी नेसून सिगडीपाशी आली. म्हणाली, "माय, खड्ड्यात कस्टर्ड ओत अन् वरून पेरूच्या फोडी लाव. कोनाले समजत नाही. त्यायची तीनची गाडी हाय." ती बरोबर सांगत होती. मी तिला बाहेर लोटले आणि नवी अंडी फोडली. दुसऱ्यांदा लावलेला तोच थर एका बाजूने करपला. मी तो तिसऱ्यांदा लावला. पंगत बसू दिली नाही.

अडीच वाजता मुलाचे वडील धोंडबा मेश्राम उठले. म्हणाले, "लोकायच्या लग्नात उरल्यासुरल्याची वाट पायत जिंदगी गेली आमची. आता आपल्या मानसायच्या दारी बी तेच काय?" त्यांच्यामागे सगळे निघाले. माणिक दारात घुटमळला, बापाने हाक मारल्यावर तोही गेला. माझ्या बापालाही लग्नात असेच बाहेर बसवत. हे ठाऊक असून मी त्यांना बसवून ठेवले. तिसऱ्या वेळचा थर अगदी सरळ उतरला. तो मी गाईपुढे टाकला.

दुसऱ्या दिवशी नळावर शेवंताबाईंनी विचारले. केक बसला, हे माझ्या तोंडून निघेना. मी म्हणाले, "पोरीनंच नाही म्हटलं. पोरगा तिच्या मनात नाही भरला." आठ दिवसांत ते बोलणे गोंदियाला पोचले. देवाजी माफी मागायला गेले, तर धोंडबा म्हणाले, "तुमच्या पोरीनंच नाही म्हटलं ना? मंग कायले आले?" पुढच्या वर्षी माणिकचे लग्न झाले. ललिताला त्यानंतर एकही स्थळ आले नाही. दारी आलेला मुलगा उपाशी परत पाठवणारी, असे तिचे नाव झाले.

तरी मी लिहून देते की ललिताने नाही म्हटले नव्हते. मी खोटे बोलले, आणि साडेपाच वर्षे ते खोटे तसेच राहू दिले.

सही करण्यापूर्वीची नोंद. जिला मिळायचे ती साक्षीदार नसावी, असे साक्षीला आलेल्या विद्याधर मास्तरांनी सांगितले, म्हणून ललिताची सही नाही. पण मी तिला हे वाचायला दिले. पाचव्या कलमाशी ती थांबली आणि कितीतरी वर्षांनी माझ्याजवळ खाली बसली. म्हणाली, "माय, बाया मलेच येऊन विचारत होत्या, तूच नाही म्हटलं का म्हनून. मी हो म्हनत होती."

मी विचारले, "कावून?"

"मंग काय सांगू? माही माय खोटं बोलते म्हनून? तुह्या हातचं कोनी नेलं असतं काय मंग?"

मला वाटत होते, ती रागाने गप्प आहे. राग होताच. पण बाहेर ती मला सांभाळत होती, आणि मी घरात तिचा अबोला मोजत बसले होते.

मग तिने पाचवे कलम खोडायला सांगितले. "आता कोनाले काय कराचं हाय त्याचं? मेल्यावर कायले नाव खराब करतं?" असे म्हणून माझ्या हातून पेनही काढून घेतले. मी ते मागून घेतले.

कलम पाच जसेच्या तसे राहील. ते वाचले जाईल तेव्हा ललिताने विहारात सगळ्यांच्या पुढे बसावे आणि मान खाली घालू नये. तिच्यावर एवढी एकच अट मी घालते.

लिहून देणार: पंचफुला देवाजी रामटेके

आमच्यासमक्ष सही केली:
१. नत्थू बोरकर, पंच, बुद्ध विहार, कँप-१
२. विद्याधर भुस्कुटे, शिक्षक, राहणार पद्मनाभपुर, दुर्ग

ठिकाण: कँप-१, भिलाई
दिनांक: २२ मे १९६६, रविवार