साच्याबाहेरचं नाक

तीर्थरूप अक्का,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिलंय खरं, पण कंबर धरल्यामुळे सध्या सहाच अंगांचा समज; उरलेली दोन बरं वाटल्यावर पोचती करीन.) तुझा डोळा कसा आहे? ऑपरेशननंतर महिनाभर वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणे, म्हणजे हे पत्र दाजीच वाचून दाखवत असणार. दाजी, तुम्हालाही नमस्कार. कंसातला मजकूर तेवढा मनातल्या मनात वाचावा ही नम्र विनंती. (मागच्या खेपेला तुम्ही तोही मोठ्याने वाचलात आणि घरात जे झालं त्याचा आवाज मला इथपर्यंत आला.) फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला थांबवतेस आणि चौथं स्वतः बोलतेस, म्हणून पत्र.

मी देवाच्या कृपेने ठीक आहे. ‘ठीक’ हा शब्द जपून वापरलाय.

नोकरी सोडल्याचं तुला उडत उडत कळलंच आहे. का सोडली हे मात्र कुणी नीट सांगितलं नसणार, कारण ते मलाही अजून नीट सांगता येत नाही. कपड्यांच्या दुकानांत काचेमागे उभे करतात ते पुतळे बनवणाऱ्या कारखान्यात मी अर्धं आयुष्य डोकी काढली. साचा एकच. त्यातून बाई निघते, केसांचा टोप बदलला की दुसरी बाई निघते, आणि जबडा जरा भरला की पुरुष निघतो. नाक सगळ्यांना तेच. एकदा बाजारातून येताना एका मोठ्या दुकानाच्या काचेत माझी सगळी डोकी ओळीने उभी दिसली. मी थांबलो. झाडून सगळ्या जणी माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होत्या. मनात आलं, इतकी वर्षं मी यांना जन्माला घालतोय आणि एकीनेही ओळख दाखवू नये? घरी येऊन हिला सांगितलं, तर म्हणाली, “नाही दाखवली तेच बरं. दाखवली असती तर मी तुम्हाला घरात घेतलं नसतं.”

दुसऱ्या दिवशी मालकांकडे गेलो. मालक भला माणूस. “पगार कमी पडतो का?” म्हणाले. नाही म्हटलं. “कुणी काही बोललं?” नाही म्हटलं. “मग झालंय काय?” म्हटलं, “नाक करून बघायचंय.” “नाक तर रोज करतोस की रे!” म्हटलं, “रोज तेच करतो.” त्यावर, माणसाला ताप आहे का हे हात न लावता बघतात ना, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “डोक्यांच्या टेबलावरची तुझी जागा वर्षभर कुणाला देत नाही. आलास तर ये.” इतक्या मायेने कुणी दार उघडं ठेवलं की बाहेर पडणं फार अवघड होतं, अक्का. धक्के मारून काढलं असतं तर मी ताठ मानेने चालू लागलो असतो.

हिने आरडाओरडा केला नाही. (दाजी, तुम्हाला कळेल, न केलेला आरडाओरडा जास्त ऐकू येतो.) फक्त शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “पन्नाशीला लोकांचे गुडघे जातात, आमच्याकडे नोकरी गेली.” मी तिला समजवायला बसलो. म्हटलं, खाली पाणी किती आहे हे उडी मारल्याशिवाय कळत नाही. ती म्हणाली, “का? दगड टाकला तरी कळतं.” यावर मी तीन दिवस विचार केला. अजून उत्तर सापडलेलं नाही. तुला सापडलं तर कळव, पण तिच्यासमोर नको.

तर पंक्चरवाल्याच्या दुकानामागे पत्र्याची एक शेड मिळाली, तिथे मी माती मळायला बसलो. आणि खरं सांगतो, पहिले काही दिवस मला भीती नाही वाटली, लाज वाटली. साच्यात काम करणाऱ्याचं कसं असतं, ओतायच्या आधीच चेहरा ठाऊक असतो. त्याचं काही चुकत नाही आणि त्याला कसलं आश्चर्यही वाटत नाही. नुसती माती घेऊन बसलं की आठवडाभर कळत नाही, हा माणूस होतोय का बटाटा. पंक्चरवाला रोज डोकावून विचारायचा, “काय उस्ताद, आज कोण?” आणि मी म्हणायचो, “अजून ठरायचंय त्यांचं.” सकाळी हात जोडतो तेव्हा पूर्वी म्हणायचो, देवा, सगळं नीट होऊ दे. आता म्हणतो, देवा, जे होईल ते बघायला मला जागेवर बसव. आणि मग त्याच्याविषयीच वाटत राहतं. त्याने पहिला माणूस केला तेव्हा कुणी ऑर्डर दिली नव्हती. नमुना नव्हता, पसंत करायला समिती नव्हती, आणि बिघडला तर काय याची काही सोय केलेली दिसत नाही. त्याने तो धोका पत्करला म्हणून आज तू आहेस, मी आहे. (दाजीसुद्धा.)

पहिलं मोठं काम मिळालं ते एका मालवाहतूक कंपनीचं. संस्थापक वारलेले, त्यांचा पूर्ण उंचीचा फायबरचा पुतळा आवारात उभा करायचा होता. फोटो दिले. चेहरा बरा उतरला, नाक तर असं साधलं की त्यांच्या पत्नी शेडमध्ये येऊन नाकालाच म्हणाल्या, “आलात का शिंकत?” मी आनंदाने वेडा व्हायचा बाकी होतो. गडबड झाली ती नाकाखाली. तुला सांगितलं पाहिजे, दुकानातल्या पुतळ्याचा हात सुटा असतो. बाही चढवायची तर हात निघालाच पाहिजे. म्हणून खांद्यात एक कडी बसवतात, हात जरा फिरवून ओढला की बाहेर. इतक्या वर्षांची सवय. मी त्या संस्थापकांच्या डोळ्यांतली करुणा साधण्यात गुंगलो होतो, आणि इकडे माझ्या हातांनी, मला न विचारता, त्यांच्या उजव्या खांद्यात कडी बसवून टाकली. शर्ट तर फायबरचाच होता, अक्का, अंगाबरोबर ओतलेला. तो कोण बदलणार होतं?

अनावरणाला प्रमुख पाहुणे म्हणून त्यांचे बालमित्र आले, चांगले आडदांड. पडदा ओढला, टाळ्या झाल्या, आणि मित्राला पाहून त्यांना भरून आलं. पुतळ्याचा पुढे केलेला हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला, “अरे, शेवटचं भेटायचं राहिलं रे!” म्हणत प्रेमाने हलवला, फिरवला आणि छातीशी ओढला. कारखान्यात शिकवून तयार केलेल्या माणसाला इतक्या सफाईने हात काढता येत नाही. खट् असा आवाज झाला. तो आवाज सगळ्या जमावात फक्त मला ओळखीचा होता. पाहुणे अख्खा हात घेऊन दोन पावलं मागे आले. परत कसा लावायचा हे त्यांना माहीत नाही, खाली ठेवणं बरं दिसेना, म्हणून त्यांनी तो काखेत धरला आणि तसंच भाषण केलं. भाषण लांबलं. लोक तोंडाला रुमाल लावून बसलेले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून संस्थापकांच्या पत्नी कुणालाच उद्देशून नाही अशा स्वरात म्हणाल्या, “जिवंतपणी कधी कुणाला हात दिला नाही. आता तरी दिला.” मग जे झालं ते मी लिहीत नाही. ड्रायव्हर लोक टायरांच्या ढिगावर आडवे होऊन हसले.

संस्थापकांच्या मुलाने माझ्याशी बोलणं सोडलं. (हात मी त्याच संध्याकाळी पक्का केला, तरी येणारा-जाणारा प्रत्येक ड्रायव्हर तो एकदा फिरवून बघतो म्हणे, आणि म्हणून आता तिथे रखवालदार ठेवलाय.) मी घरी आलो. हिने ताट वाढलं. पाणी देताना माझा हात धरून हळूच फिरवून बघितला.

मी ठरवलं, झालं, वर्ष संपायच्या आत डोक्यांच्या टेबलावर जाऊन बसायचं. तर दुसऱ्या दिवशी शेडमध्ये एक डॉक्टरीणबाई हजर. प्रसूतिगृह चालवतात; अनावरणाला आल्या होत्या. म्हणाल्या, “हात तुटला नाही, निघाला. ज्याची चूकसुद्धा इतकी नीट बसवलेली असते, त्याचं काम मला बघायचंय.” त्यांचं प्रसूतिगृह फार पूर्वी एका सुईणीने दोन खोल्यांत सुरू केलं. तिचा फोटो नाही, चित्र नाही, बघितलेलं कुणी हयात नाही. तिचा पुतळा त्यांना दारात बसवायचाय. म्हणाल्या, “चेहरा तुम्ही ठरवा. एवढंच बघा, की कळा सुरू झालेली घाबरलेली मुलगी दारातून आत येईल, तिने वर बघितलं की तिला वाटलं पाहिजे, ही आहे ना, मग होईल नीट.”

अक्का, आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला म्हणालं, चेहरा तुम्ही ठरवा. आणि तिथेच मी पार आडवा झालोय. फोटो होता तेव्हा जमलं. आता समोर काही नाही, तर बोटं चोरपावलांनी जुन्या वाटेने जातात. तीन वेळा चेहरा केला. तिन्ही वेळा काचेमागची तीच बाई, नुसत्या सुरकुत्या ओढून उभी. तिसरा बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ही बाळंतपण करायला आलेली वाटत नाही हो, बाळंत व्हायला आलेली वाटते.” येत्या महिनाअखेरीस त्या शेवटचं बघायला येणार आहेत. जमलं तर पुढे ओतकाम. नाही तर त्या दुसऱ्या कुणाला देतील, तसं त्यांनी स्वच्छ सांगितलंय. आणि मालकांचं वर्षही त्याच दिवशी संपतं. म्हणजे एका हाताला सुईण, दुसऱ्या हाताला डोक्यांचं टेबल, आणि मध्ये मी, मातीने बरबटलेला.

मला गावच्या शाळेतल्यापेक्षा जास्त शिक्षण नाही, पण एक कळून चुकलंय. नोकरी सोडणं हा धोका नव्हताच. ते एक दिवसाचं काम, राजीनामा दिला की संपलं. खरा धोका रोज सकाळी असतो, ओली माती समोर ठेवून, जे हाताला येतं ते न करण्याचा. त्याला धीर लागतो, आणि माझ्याकडचा संपत आलाय.

असो. तुला घोर लावायला लिहिलं नाही, मागणंही काही नाही. सगळं कुशल आहे असंच समज. डोळ्यात औषध घालत जा, धुरात जाऊ नकोस, आणि दाजींना उगाच बोलू नकोस, निदान हे पत्र वाचून होईपर्यंत.

तुझा धाकटा

ता. क. मागणं काही नाही असं वर लिहिलंय, ते खोडायला जागा नाही म्हणून राहू दिलंय. अक्का, मला तुझा चेहरा पाहिजे. लहानपणी मी तापाने फणफणलो होतो तेव्हा तू उशाशी बसून मला शिव्या देत होतीस, “मेल्या, मरशील तर बघ,” आणि मला वाटत होतं, ही आहे ना, मग होईल नीट. तोच चेहरा. डोळे मिटले की दिसतो, माती हातात घेतली की पळतो. आठ-दहा दिवस समोर येऊन बस.

ता. क. दुसरा. तू कुणाला फोटो काढू देत नाहीस, लग्नघरात फोटोवाला दिसला की खांबामागे जातेस, आणि विचारलं तर “सुकलेल्या आल्याचा काय फोटो काढायचा?” म्हणतेस, हे मला ठाऊक आहे. पण हा फोटो नाही, माती आहे, आणि मला आलंच पाहिजे. सफरचंदं मी पुष्कळ केली. पाठीला टेकायची खुर्ची ठेवलीय. गप्प बसायची अट नाही. उलट मला सारखं बोलत राहा, नाही तर चेहरा उतरायचा नाही.

ता. क. तिसरा, फक्त दाजींसाठी. तुम्हाला स्वयंपाक येतो हे मला माहीत आहे. अक्काला मी आजवर सांगितलेलं नाही. तिला पाठवलंत तर पुढेही सांगणार नाही. (हे कंसात टाकायला विसरलो. मोठ्याने वाचून झालं असेल तर क्षमा असावी.)

ता. क. शेवटचा. पाकिटावर तिकीट नाही हे तुमच्या लक्षात आलं नसेल. हे पोस्टाने आलेलं नाही. ही शेडमध्ये आली, तिसरा चेहरा बघितला आणि म्हणाली, “वन्सं पाहिजेत इथे. तुम्ही पत्र लिहा, मी घेऊन येते त्यांना. माझं तोंडी त्या ऐकायच्या नाहीत.” तेव्हा पाकीट दाराच्या फटीतून आत सरकवून ती बाहेर थांबलीय; पत्र वाचून होईपर्यंत कडी वाजवणार नाही, असं तिचं ठरलंय. दाजी वाचतात सावकाश, त्यात मी लिहिलं एवढं लांबलचक. उन्हात उभी असेल गं. नाही म्हणायचं ते मागाहून म्हण, आधी दार उघड.