ढेप्याची मऊ पाठ

कार्तिक शु. ६, शके १७८५, उमरावती
गंगू आज सासरी, अकोल्यास गेली. अकरावं सरलं नाही अजून. बंडीत बसताना रडली नाही. ढेप्याला माझ्या हातात दिलं आणि तोंड फिरवलं. ढेप्या म्हणजे तिचं पिल्लू कासव. गुळाच्या ढेपेसारखं दिसतं म्हणून नाव. "बाबा, मी येईन तवा मले याचं वजन सांगजा." दिवसभर बाजारात कापूस मापणाऱ्याला हे काय जड! शेजारच्या सोनाराच्या काट्यावर ठेवलं. सहा तोळे दोन मासे.

का. शु. ११
थंडी पडली. टोपलीत पहिल्या वेचणीची रुई घातली. घारीचं भय, म्हणून टोपली आतल्या खोलीत. कापसाला यंदा सोन्याचं मोल, आणि आमचं कासव त्यात लोळतं. ही म्हणाली, "जावयाले बी एवढी गादी नाई केली तुमी." खरं आहे.

का. व. १०
अकोल्याचा गाडीवान भेटला. "पोरगी बरी हाये." बरी म्हणजे कशी, ते विचारायचं राहिलं. मागे गाड्यांची रांग.
ढेप्या मेथी खातो. वजन तेवढंच.

मार्ग. शु. ९
खात नाही. डोळे मिटलेले. पाठीला बोट लावलं तर दबली, भिजल्या चामड्यासारखी. पाच तोळे दहा मासे. गंगूला काय सांगू...

मार्ग. शु. १०
भाजीवाल्या सखूबाई माळणीला दाखवलं. तिनं त्याच्या तोंडातून रुईचा धागा ओढून काढला. मग माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, याले रुईत काहून पुरलं? याले ऊन पाह्यजे. झाकून ठेवलं तर पालाबी पिवळा पडते."
मी माया करतोय असं समजत होतो. फार लाज वाटली. टोपली अंगणात आणली, रुई काढून टाकली.

मार्ग. व. ८
रोज सकाळी ढेप्या उन्हात, मी दातून करत राखणीला. आज हादग्याचं अर्धं फूल खाल्लं! हिला हाक मारून दाखवलं. सहा तोळे. कडा टणक झाल्या, मध्ये अजून दबते.

पौष शु. २
गंगू संक्रांतीला आली. उतरली तेव्हा क्षणभर ओळखू आली नाही. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.
आधी ढेप्याच मागितला. पाठीवर बोट ठेवताच तिला कळलं. "बाबा, नरम काहून?" सगळं सांगितलं, माझी चूक म्हणालो. रागावेल वाटलं होतं. ती त्याला गोंजारत म्हणाली, "मी बी आतल्याच खोलीत असतो. दिवसभर कापूस निवडतो. अंगणात जाऊ देत नाईत."


पौष शु. ५
दोघं सकाळपासून उन्हात. गंगूनं दोन भाकरी खाल्ल्या. मी मोजल्या, तिला कळू दिलं नाही.

पौष शु. ८
ढेप्या सहा तोळे एक मासा. उद्या तिचा दीर न्यायला येतो. ही गाठोडं बांधायला बसली. "राहू दे, उद्या तिला धाडत नाही," मी म्हणालो. तिनं विचारलं, "पाव्हण्याले काय सांगसान?"
मी ढेप्याला उचलून पुन्हा बोट लावून पाहिलं. पाठ मध्ये अजून दबते.