आठशे वर्षांचं चर्च आन् ह्यांची होडी

१२ नोव्हेंबर, बुधवार. पनवेल.

आमचा पोरगा गणेश बोटीवरच्या नोकरीतून रजेवर आलाय. आज मोबाईलमधी नॉर्वेचं चर्च दाखवलं त्यानं. सगळं लाकडाचं, आठशे वर्षांचं, काळंकुट्ट. छपरावर तोंड वासलेले साप. मी म्हटलं, "आपल्या शंकराची मंडळी तिकडं कधी पोचली रं?"

त्याला हसू नाय. सांगत व्हता, जहाजं बांधणाऱ्या सुतारांनीच ते बांधलं, आतून छप्पर म्हणजे उलटी होडीच. उलटी होडी तर आमच्या मागल्या दारी हाय. हे गेले तवापासून पडून. उद्या हायवेवरचा हॉटेलवाला नेणार, दारात शोभेला. गणेशनंच ठरवलं. म्हणे, "कुजतेय, आये."

मी विचारलं, "मग तुझं चर्च कसं नाय कुजलं?"

"दर थोड्या वर्षांनी डांबर लावतात. पिढ्यान्‌पिढ्या."

"आन् तुझ्या बापाच्या होडीला डांबर चावतं का?"

तसा उठून बाजारात गेला, डांबराचा डबा घेऊन आला. दिवस मावळेपर्यंत होडी घासत, माखत व्हता. चांगली पँट काळी केली. मी लय हसले. पण डांबराचा वास घरात शिरला आन् हसू थांबलं. हे तोच वास घेऊन जेवायला बसायचे. पोराला होडी नकोशी का झाली व्हती, तवा कळलं: बघितली की बाप आठवायचा.

हॉटेलवाल्याला काय सांगू उद्या? सांगन, डांबर ओलं हाय भाऊ, आठशे वर्षांनी ये.