बाकावरचा साक्षीदार

प्रिय ओलीटा,

पीचच्या मुरंब्याची बरणी दारात मिळाली. झाकणावर तुझं तिरपं अक्षर होतं. बेल न वाजवता ठेवून गेलीस. चाळीस वर्षांत असं कधी केलं नव्हतंस. इथे ठीक आहे. अंगणातलं झाड पाडलं. माझा डॅरिल कोठीतल्या मक्याखाली गाडला गेला त्याला गेल्या महिन्यात वर्ष झालं, पण त्याचे बूट अजून मागच्या दाराशीच आहेत.

सप्टेंबरात ग्रँड ज्युरी बसली, त्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर होते. आत मला जाता येत नाही. कोठी चालवणाऱ्या हॉलिसच्या वकिलालाही येत नाही, न्यायाधीशही तिथे नसतो. सरकारी वकील, तो बोलावेल ते साक्षीदार आणि तुम्ही बारा जण. हॉलिस दोषी आहे का, हे तुम्हाला ठरवायचंच नव्हतं. त्याच्यावर खटला भरण्याजोगं काही आहे का, एवढंच. त्यालाही बारांतले नऊ हात वर व्हावे लागतात.

शेजारी लोनी होता, डॅरिलच्या जोडीला काम करणारा. खिशात समन्स, अंगात वारलेल्या बापाचा कोट, बाह्या आखूड. तो सारखा घोकत होता, "मिस व्हर्ना, मी सगळं सांगणार. डॅरिल आत उतरलाय, खालून मका ओढणारं यंत्र बंद करा, म्हणून मी ओरडलो होतो. हॉलिस म्हणाला, तुझ्या आईला बोलाव बंद करायला." बाराच्या सुमारास कारकून बाहेर आला. "झालं. घरी जा." लोनी उभाच राहिला. "अहो, पण मला बोलावलंच नाही!" "गरज पडली नसेल." "मग हा कोट कशाला घातला मी?"

मी सरकारी वकिलाकडे गेले. आत काय झालं? "ते गुप्त असतं, बाई." आरोप का नाही ठेवला? "तेही गुप्त." लोनीला का नाही बोलावलं? त्यावर मात्र तो पटकन म्हणाला, "ज्युरीलाही साक्षीदार मागता येतो, बाई." तेव्हापासून हे एकच वाक्य माझ्या घशात अडकलंय. बाहेर कुणी बसलंय हे तुम्हाला कुणी सांगितलं तरी होतं का? उत्तर देऊ नकोस. शपथ घेतलीस, ती पाळ. पण ज्या दारामागे माझ्या मुलाचा निकाल लागला, त्यामागचं मला कुणीच सांगणार नसेल, तर मी डोकं कुठे आपटू?

ज्युरीच्या निर्णयाच्या कागदाची नक्कल आणली. 'आरोप नाही', आणि खाली ज्युरीच्या प्रमुखाची सही. बरणीवरचंच तिरपं अक्षर. तुझा हात वर होता की मांडीवर, ते मी विचारणार नाही. जानेवारीत नवी ज्युरी बसेल. महिनाभर त्याच्या दारात बसल्यावर सरकारी वकील कबूल झालाय, प्रकरण पुन्हा नेतो म्हणाला. पण लोनी म्हणतो, "पुन्हा कोट घालून बसायला मी काय बुजगावणं आहे?" चर्चच्या रविवारच्या शाळेत तू त्याला शिकवलंस, तुझं तो ऐकतो. त्याला घेऊन ये, ओलीटा. या खेपेला मीच कारकुनाला सांगून ठेवीन, की आतल्या बारा जणांना कळव, बाहेर साक्षीदार बसलाय. तू काही बोलू नकोस. बाकावर तिघांची जागा आहे. तू त्याच्या पलीकडे बस. बरणी मी अजून उघडलेली नाही.

अजून तरी तुझीच,
व्हर्ना